कामगारांची नुकसानभरपाई आणि विम्याचा हप्ता

कामगारांच्या अपघाताचा विमा उतरविणारा लहान कारखानदार हप्त्याचा आंकडा पाहतो आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडतात. त्याची तक्रार अगदींच खोटी नव्हे. हा हप्ता एकंदर पगारावर व धंद्यांतील धोक्यावर बसतो. पगार वाढले कीं तोहि वाढतो. शिवाय भरपाईचा हिशेब ज्या मासिक वेतनावर करावयाचा, त्याची कमाल मर्यादा २०१० सालीं ८,००० रुपये ठरली होती. ती २०२० सालीं १५,००० रुपये झाली. विमा कंपन्यांनीं आपला दर जुनाच ठेवावा, अशी अपेक्षा कोण करील?

परंतु हा खर्च नवीन उत्पन्न झाला काय? नाहीं. तो पूर्वींहि होताच. फक्त कारखान्याच्या वहींत नव्हता. १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा १ जुलै १९२४ पासून अमलांत आला. त्यापूर्वीं यंत्रांत हात गेलेल्या माणसाला मालकाची चूक कोर्टांत सिद्ध करावी लागे. तें न साधलें, तर हाताची किंमत त्याची बायको दागिने मोडून भरी. या कायद्यानें चुकीचा प्रश्न बहुतांशीं बाजूस सारला. नोकरीच्या ओघांत व नोकरीमुळें इजा झाली, एवढें पुरे झालें.

आतां ‘नोकरीच्या ओघांत’ म्हणजे नेमकें केव्हां? सारी ओढाताण येथेंच आहे. मराठवाड्यांतील एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याची पाळी रात्रीं तीनला सुरू होई. २००३ च्या एप्रिलांत तो कामावर निघाला, आणि कारखाना पांच किलोमीटर दूर असतांनाच रस्त्यांत अपघातानें मरण पावला. मागें पत्नी, मुलें व आई. २००९ सालीं आयुक्तांनीं सुमारें सव्वातीन लाख रुपये व त्यावर व्याज मंजूर केलें. विमा कंपनी अपिलांत गेली. माणूस कामावर पोहोंचलाच नव्हता, हें तिचें म्हणणें! उच्च न्यायालयानें तें मान्य करून भरपाई रद्द केली. अखेर २९ जुलै २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली. प्रवासाची वेळ, स्थळ व परिस्थिती यांचा नोकरीशीं संबंध दिसत असेल, तर तो अपघात नोकरींतलाच, असा निर्णय झाला. बावीस वर्षें गेलीं. चौथींत शिकणारें मूल एवढ्या काळांत संसारी होतें.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनें घेतली. तिच्यांत घर ते कामाचें ठिकाण हा प्रवास स्पष्ट शब्दांत आला आहे. म्हणजे विम्यावर आणखी भार आला, हें उघड आहे. तो चुकविण्यासाठीं कांहीं मालक पगार कमी दाखवितात, अथवा माणसें कंत्राटदाराच्या नांवावर घालतात. हा शहाणपणा फार दिवस टिकत नाहीं; कंत्राटदाराच्या माणसाची जबाबदारी १९२३ च्या कायद्यानेंहि मूळ मालकावरच टाकली होती. पट्ट्याला जाळी बसविणें आणि रात्रीं तीनच्या पाळीला गाडी पाठविणें, यांचा खर्च मात्र फारसा कोणी मांडून पाहत नाहीं.