पेटीतलं जुनं होल्स्टर: पुसायचं किती, सांधायचं किती

(सामुदायिक रेडिओवर दिलेलं भाषण)

आम्ही कळमन्याच्या बचत गटाच्या बाया बोलतो आहोत. कळमना म्हटलं की तुम्हाला बाजार समितीचं आवार आठवेल, मिरचीची पोती आठवतील, संत्र्यांचे ढीग आठवतील. पापड, मसाले, लोणचं हे तर आम्ही करतोच. आज मात्र दुसऱ्याच एका कामाबद्दल सांगायचं आहे. लष्करातल्या जुन्या चामडी वस्तूंची, त्यातही होल्स्टरची, आम्ही निगा राखतो आणि दुरुस्ती करतो. होल्स्टर म्हणजे कमरेच्या पट्ट्याला अडकवायचं पिस्तुलाचं चामडी घर.

हे काम आमच्याकडे आलं ते शेजारामुळे. नागपूरहून कळमन्याच्या पुढे गेलं की कामठी लागते. तिथली छावणी १८२१ सालची. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर आज तिथंच आहे. १९४१ मध्ये उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटचं केंद्रही काही काळ कामठीला होतं. त्यामुळे या भागात कुणाचे सासरे, कुणाचे आजोबा फौजेत होऊन गेले. घरात एक लोखंडी पेटी असते. तिच्यात पदकं, कागद, पट्टा आणि एखाद्या घरी होल्स्टरही. साध्या शिपायाकडे रायफल असायची, पिस्तूल साहेबाकडे. म्हणून काहींना ते साहेबांनी निवृत्त होताना दिलेलं असतं, काहींनी जुन्या लष्करी मालातून घेतलेलं असतं. पण घरच्यांसाठी ती आजोबांची खूण असते. भंगारवाला दारात आला की हीच खूण आधी बाहेर निघते, आणि ती काढून देण्याचं किंवा ठेवण्याचं बहुतेक वेळा आपल्याच हातात असतं.

सगळ्यात आधी एक सूचना. होल्स्टर उघडताना आत शस्त्र किंवा काडतूस दिसलं तर हात लावू नका. काढू नका, पुसू नका, मुलांना बाजूला करा आणि पोलीस ठाण्यात कळवा. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय शस्त्र किंवा काडतूस घरात ठेवता येत नाही, मग ते आजोबांचं असो की पणजोबांचं. नुसतं चामड्याचं होल्स्टर म्हणजे शस्त्र नव्हे. ते खुशाल ठेवा.

आता वस्तू ओळखायची कशी ते पाहू. इंग्रजांच्या फौजेत पहिल्या महायुद्धात, म्हणजे १९१४ ते १९१८ मध्ये, अधिकाऱ्यांची होल्स्टरं चामड्याची असत. दुसऱ्या महायुद्धापर्यंत जाड कापडी पट्ट्यांचं सामान सगळीकडे आलं. त्यामुळे चामड्याचं होल्स्टर हाती आलं तर ते जरा सावकाश पाहायचं. झाकणाच्या आत किंवा मागच्या बाजूला ठसा असतो. बनवणाऱ्याचं नाव, साल, कधी सरकारी मालाची खूण म्हणून बाणाचं चिन्ह. कानपूरला एकोणिसाव्या शतकापासून खोगीर आणि चामडी सामानाचा सरकारी कारखाना होता, त्याचाही ठसा सापडतो. हा ठसा घासून पुसायचा नाही. तो त्या वस्तूचा जन्मदाखला आहे.

होल्स्टरसोबत कधी खांद्यावरून तिरपा जाणारा पट्टा असतो. त्याला सॅम ब्राऊन पट्टा म्हणतात. सॅम ब्राऊन हा इथल्या फौजेतला इंग्रज अधिकारी. १८५८ मध्ये उत्तर भारतातल्या लढाईत त्याचा डावा हात गेला. तलवारीचं म्यान धरायला हात उरला नाही, म्हणून त्याने म्यान स्थिर ठेवणारा पट्टा करून घेतला. पुढे तो जगभरच्या फौजांनी उचलला. पोलीस अधिकाऱ्यांच्या गणवेशावर तसा पट्टा आजही दिसतो.

आता निगा. जुन्या काळी चामडं झाडांच्या सालीने कमावत. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा. कोल्हापुरी चप्पल आजही अशाच चामड्याची होते. हे चामडं मजबूत, पण त्याचे शत्रू ठरलेले. कडक ऊन, ओल आणि आपलं उतावीळ तेल.

हो, तेल. चामडं कोरडं दिसलं की आपला हात तेलाच्या बाटलीकडे जातो. विदर्भात जवसाचं तेल घराघरात. पण जवसाचं तेल वाळून कडक होतं आणि चामडं तडकतं. खोबरेल तेलाने चामडं काळवंडतं, पुढे तेल खवट होतं आणि वासाने उंदीर, मुंग्या येतात. बुटाच्या पॉलिशने ठसा बुजतो. म्हणून ठेवणीतल्या वस्तूला तेल नाही, पॉलिश नाही, पाणीही नाही.

मग करायचं काय? सावलीत स्वच्छ कापड अंथरा. मऊ ब्रशने धूळ झाडा, शिवणीतली आधी. पांढरा थर दिसला तर तो बुरशीचा आहे की चामड्यातली चरबी वर आली आहे ते पाहा. बोटाच्या उबेने थर विरघळला तर चरबी, ती सुक्या कापडाने निघते. विरघळला नाही, भुरभुरला, तर बुरशी. मग नाकाला कापड बांधा, घराबाहेर जा आणि ब्रशने झाडा. उन्हात ठेवू नका. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन म्हणजे जुन्या चामड्याचं मरणच.

पितळेच्या बटणाभोवती हिरवं कीट जमतं. ते बांबूच्या बारीक काडीने अलगद काढा. चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर वापरू नका. बटण चमकेल, पण आंबट पाणी चामड्यात उतरून ते खाईल.

आणि एक आजार असा की त्याला औषध नाही. बोट फिरवलं की लालसर भुकटी हाताला लागते. वर्षानुवर्षांच्या धुराने, हवेतल्या आम्लाने ते चामडं आतून कुजलेलं असतं. तिथे सुई चालवायची नाही, ओला हात लावायचा नाही. धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटात गुंडाळायचं, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायचं आणि घरच्यांना स्पष्ट सांगायचं की हे आता फक्त जपायचं. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोणतंच चामडं ठेवू नका, आत ओल कोंडते. होल्स्टर चपटं होऊ नये म्हणून आत मऊ सुती कापड भरा, वर्तमानपत्र नको.

चामडं चांगलं असेल आणि फक्त शिवण उसवली असेल, तर ती सांधता येते. हे काम गोधडी शिवणारीला पटकन कळतं. गोधडीला घालतो तोच धावदोरा, फक्त एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया. प्रत्येक छिद्रातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. एक टाका तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. दोरा लिननचा, म्हणजे जवसाच्याच झाडाच्या तंतूचा, मधमाशीच्या मेणावरून ओढलेला. छिद्रं जुनीच वापरायची. आरी फक्त छिद्र मोकळं करायला, नवं पाडायला नाही. झाकण जिथे दुमडतं तिथे चीर असेल तर मागून पातळ सुती कापडाची पट्टी, गव्हाच्या घट्ट खळीने. चप्पल चिकटवायचं सोल्यूशन नको. खळ उद्या कुणा जाणकाराला काढता येईल, सोल्यूशन निघणार नाही.

हा दोन सुयांचा टाका आम्हाला शिकवला आमच्याच गटातल्या एका काकूंनी. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चामड्याचं काम. सुरुवातीला गटात कुजबुज झालीच. हे काम आपण करायचं का, घरचे काय म्हणतील, हात कसले होतील. मैत्रिणींनो, ही कुजबुज कुठून येते ते आपल्याला ठाऊक आहे. ज्या हातांनी फौजेचे बूट, पट्टे आणि मोटेची चामडी सोंड शिवली त्याच हातांना गावाने लांब ठेवलं. आम्ही बैठकीत हे मोकळेपणी बोललो. मग ठराव केला की काकू प्रशिक्षक, आणि प्रशिक्षकाला मिळतो तसा मोबदला त्यांना गटाच्या खात्यातून. शिकायला सगळ्या जातींच्या बाया एका सतरंजीवर बसल्या. दोघी आल्या नाहीत. त्यांच्यासाठी जागा अजून ठेवलेली आहे.

पैशाचं म्हणाल, तर या कामाने कुणी श्रीमंत होत नाही. लागलेले तास, दोरा, कापड यांचा हिशोब मांडून आम्ही मजुरी घेतो. काम आधी पाहतो, काय करणार आणि काय करणार नाही ते कागदावर लिहून देतो. वापरातले पट्टे, पिशव्या यांची दुरुस्ती त्याच हातांनी होते, आणि रोजची मिळकत खरी तिथून आहे.

मध्यंतरी एक व्यापारी आला. नवं होल्स्टर शिवा, चहाच्या पाण्यात रंगवा, वर जुना ठसा उठवा, मी जुनं म्हणून विकतो, म्हणाला. रक्कम मोठी होती. त्या महिन्यात दोघींचे कर्जाचे हप्ते थकलेले होते, त्यामुळे चर्चा लांबली. शेवटी नाही म्हणायचं ठरलं. आमच्याकडे आया-बाया विश्वासाने आजोबांची खूण आणून देतात. खोटी खूण करणाऱ्या हातांवर तो विश्वास कसा राहील? थकलेले हप्ते गटाच्या अंतर्गत कर्जातून भरले. आणखी एक ध्यानात ठेवा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू कुणा खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. म्हणून कुणी घाईने सौदा करायला लागलं तर थांबा.

शेवटी एक काम तुम्हाला सांगतो. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत विचारा, कुणाच्या घरी फौजेची पेटी आहे? असेल तर वस्तूला हात लावण्याआधी घरातल्या सगळ्यात जुन्या बाईजवळ बसा. ती कुणाची, कुठून आली, ते कुठे लढले, ते गेल्यावर घर कुणी चालवलं, हे वहीच्या पानावर लिहा आणि ते पान वस्तूसोबत ठेवा. पेन्शनचे किंवा नोकरीचे कागद सापडले तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवा, कुणाचा हक्क राहून गेला असेल तर कळेल. चामडं आपण जपलं तर आणखी काही वर्षं राहील. पण ज्या बाईने ती पेटी इतकी वर्षं सांभाळली, तिचं नाव पदकावरही नाही आणि ठशातही नाही. ते त्या पानावर आलंच पाहिजे.