भीमेचे माहेर



दुबलगुंडीत बसून सह्याद्रीची कथा कशाला, असे कोणी विचारील. गाणगापुरी अमरजा-संगमावर आपणांपैकी अनेकांनी भीमास्नान केले आहे; पंढरीस तीच चंद्रभागा होते. तिचे माहेर भीमाशंकराच्या अरण्यात. तो पर्वत अग्नीतून जन्मला, पण एका ज्वालामुखीचा शंकू म्हणून नव्हे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून तप्त रस थरावर थर पसरला. त्याचा पश्चिमेकडील उंच कडा तो सह्याद्री. आपल्या भागातील काळी माती हे त्याच पाषाणाचे चूर्ण.

भीमाशंकरी पाऊस चार महिनेच कोसळतो. काळा पाषाण पाणी फारसे पीत नाही. अरण्यातील पालापाचोळ्याची माती ते धरते आणि हळूहळू ओढ्यांस देते. शेकरू तेथे फांद्याफांद्यांवरूनच संचार करते. वृक्षांचे छत्र तुटले की त्याची वाटही तुटते. १९८५ साली तेथे अभयारण्य झाले. त्यापूर्वी, आणि आजही, सह्याद्रीतील देवराया राखल्या त्या देवाच्या धाकाने. मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी देवराईच तोडल्याचीही उदाहरणे आहेत. ही भक्ती मला उमगत नाही. उद्या मठाचे आवार वाढेल, तेव्हा जुन्या वृक्षांचा विचार आधी व्हावा, एवढी विश्वस्तांस विनंती आहे.