सातबारावर कोणाचे नाव?

(विवळवेढे, ता. डहाणू येथील बैठकीत केलेले भाषण)



महालक्ष्मीच्या यात्रेमुळे विवळवेढे सगळ्यांना ठाऊक आहे. आज मात्र मी बँकेच्या पासबुकाविषयी बोलणार आहे.

पीएम किसान योजनेत शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये मिळतात, २,००० रुपयांच्या तीन हप्त्यांत. २०२३ पासून राज्य सरकारच्या नमो शेतकरी योजनेचे आणखी ६,००० आहेत. मिळून १२,००० रुपये, म्हणजे दिवसाला जेमतेम तेहतीस. भात लावणीच्या वेळी बी-खतासाठी सावकाराच्या दारात जायचे की नाही, हे कधीकधी एवढ्याच पैशांवर ठरते.

पण हा पैसा कोणाला मिळतो? राबणाऱ्याला नाही, जमिनीच्या कागदावर नाव असणाऱ्याला. घोलवडच्या चिकूवाडीत मजुरी करणाऱ्याला नाही. अर्धेलीने दुसऱ्याचे शेत कसणाऱ्यालाही नाही. सरकारच्या लेखी तो शेतकरीच नाही!

१९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांबरोबर याच मुलखातले वारली उठले ते वेठबिगारी आणि लग्नगडीच्या पद्धतीविरुद्ध. पुढे कूळकायदा आला. २००६ साली वनहक्क कायदा झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर आदिवासींचा हक्क त्याने मान्य केला, चार हेक्टरांपर्यंत. वनपट्टा असलेला शेतकरी पीएम किसानला पात्र आहे. पण दावा अडकला की पट्टा नाही, पट्टा नाही तर हप्ता नाही. म्हणूनच मार्च २०१८ मध्ये हजारो आदिवासी शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेले. दहावीच्या मुलांची परीक्षा होती, म्हणून ते रात्रीच चालून आझाद मैदानावर पोहोचले. मुंबईकरांनी धर्म न विचारता त्यांना पाणी दिले, खायला दिले, चपला दिल्या.

आता आपल्या मुस्लिम घरांविषयी बोलू. १९३७ चा शरीयत कायदा वारशाचा हक्क सांगतो, पण त्याच्या मजकुरातच शेतजमीन वगळलेली आहे. कुरआनने मुलीला, विधवेला हिस्सा दिला, हे आपण व्यासपीठावरून अभिमानाने सांगतो. घरी मात्र फेरफार करताना बहिणीकडून हक्कसोड घेतो. नवरा गेल्यावर बाई शेत कसते आणि सातबारावर दिराचे नाव असते. मग तिच्या खात्यात हप्ता कसा येणार? हे सरकारने केलेले नाही, आपण केले आहे.

याउलट वनहक्क कायद्याचे कलम ४(४) पाहा. लग्न झालेले असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे. एकटी बाई घर चालवत असेल तर तिच्या एकटीच्या नावे. पाड्यावरच्या बाईला कायद्याने जे दिले, ते आपल्या मोहल्ल्यातल्या बाईला द्यायला आपल्याला कोणी अडवले आहे?

म्हणून तीन कामे.

एक, घरात मृत्यू झाला असेल तर तलाठ्याकडे वारस नोंद करा, त्यात बायको आणि मुलींची नावे घाला. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर झालेल्यांना ही योजना मिळत नाही, पण वारशाने आलेल्या जमिनीला ती अट लागू नाही.

दोन, ग्रामसभेने दावा नाकारला तर साठ दिवसांत उपविभागीय समितीकडे अपील करा. गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो.

तीन, हप्ता थांबला असेल तर ई-केवायसी, आधार-बँक जोडणी आणि जमिनीची नोंद, तिन्ही तपासा. आपल्या तरुणांनी मोबाइल घेऊन पाड्यापाड्यावर बसावे, मोहल्ल्यातही बसावे. कोणाकडून पैसे घेऊ नयेत.

कसणाऱ्या अर्धेलकऱ्याचा प्रश्न या तीन कामांनी सुटणार नाही. त्यासाठी नियम बदलावा लागेल आणि ती मागणी आदिवासी, मुसलमान, सगळ्या कष्टकऱ्यांनी मिळून करावी लागेल. तोवर आज घरी गेल्यावर एवढेच करा. सातबारा काढा आणि त्यावर आईचे नाव आहे का, ते बघा.

जोहार. खुदा हाफिज.