परसातले शेजारी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाने मला बागेविषयी चार शब्द बोलावयास सांगितले आहे. खते व कलमे यांची माहिती आपल्या रत्नागिरीत घरोघरी आहे. म्हणून मी झाडांच्या आश्रयाने राहणाऱ्या जिवांविषयी बोलणार आहे.

कढीलिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी बारीक अळी आपण पाहिली असेल. मोठी झाली की ती हिरवी होते, आणि डिवचली तर डोक्यामागून तांबडी शिंगे काढून उग्र वास सोडते. पुढे तिचेच काळे फुलपाखरू होते. पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असते. तिचाच मोठा भाऊबंद नीलवंत. २०१५ साली महाराष्ट्राने त्याला राज्याचे फुलपाखरू ठरविले. त्याच्याही अळ्या लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढतात. मारुतीला आपण रुईच्या पानांची माळ घालतो, त्या रुईवरही एका केशरी फुलपाखराची अळी पोसते.

बहुतेक अळ्यांचे ताट असे ठरलेले असते. भलत्या पानाला त्या तोंड लावीत नाहीत. आणि शिंपी पक्षी पाने शिवून घरटे करतो, तो पिलांना या अळ्या व किडेच भरवतो. अळी नाही, तर पिलाच्या चोचीत घास नाही.

गुलमोहर मादागास्करहून आला, गिरिपुष्प मध्य अमेरिकेतून. परके झाड वाईट असे मी म्हणत नाही. काजूही ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणलेला. त्यावर कोकणातल्या कितीतरी चुली पेटतात. परंतु बकुळ, सुरंगी, रातांबा, उंडी तोडून त्या जागी नुसती शोभेची झाडे लावली, तर येथल्या पाखरांनी जावे कोठे? उंडीच्या तेलावर पूर्वी आपल्याकडे दिवे जळत. तिची फळे वटवाघळे नेतात आणि बी दूरवर टाकतात. म्हणजे झाड लावण्याचे कामही तीच करतात.

आमच्या आळीतील एक जुनी बकुळ केवळ पाला पडतो म्हणून तोडली गेली. अंगणांत फरशी आली, गडग्याकडेचा तेरडा गेला, आणि आता गौरीसाठी तो बाजारातून आणावयाचा! पाल्यात साप येतो, असे काहीजणी म्हणतात. त्यांनी भिंतीशी ढीग साठवू नये. पाला झाडाच्या आळ्यात पसरावा. तो कुजून खत होते, आणि त्यातील गोगलगायी टिपावयास भारद्वाज येतो.

माझ्या दोनच सूचना आहेत. कढीलिंबाची एखादी फांदी अळ्यांसाठी राखावी; बिऱ्हाड इमारतीत असेल तर कुंडीतले झाडही चालेल. आणि श्रावणी शुक्रवारच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी बकुळीचे किंवा करंजाचे रोप द्यावे. संक्रांतीला दिलेले रोप उन्हाळाभर पाणी मागते. श्रावणात दिलेले पावसावर मूळ धरते. बिया तर झाडाखाली फुकट मिळतात.

मंडळाने हे मनावर घ्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.