प्लेगचा कायदा आणि बंद दारे
(कस्तुरबा गांधी मार्गावरील महाराष्ट्र सदनात गणेशोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



सार्वजनिक गणेशोत्सव जेमतेम तीन-चार वर्षांचा होता, तेव्हा पुण्यात प्लेग शिरला. त्याआधी सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोग कायदा केला. कायदा अवघ्या चार कलमांचा. तिसऱ्या कलमाने हुकूम मोडणारा गुन्हेगार ठरला, चौथ्याने सद्हेतूने काम करणाऱ्या अंमलदाराला दाव्यांपासून संरक्षण मिळाले. रयतेच्या संरक्षणाचे कलम मात्र नव्हते.

पुण्यात रँडसाहेबांच्या प्लेग कमिटीने गोऱ्या सोल्जरांकडून घरझडत्या सुरू केल्या. रुग्ण वेगळा ठेवणे, घर धुऊन काढणे, यात वैद्यकीयदृष्ट्या गैर काही नव्हते. पण सोल्जर बुटांसकट देवघरात शिरले, बायकांची तपासणी उघड्यावर झाली, सामान जाळले गेले. मग लोक आजारी माणूस दडवू लागले, मृत्यू लपवू लागले, शहर सोडून पळू लागले. रोग शोधण्यासाठी काढलेल्या उपायानेच रोग दृष्टीआड गेला.

२२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडला गाठले. त्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची सजा झाली. आरोग्याचा प्रश्न राजकारणाचा झाला, तो असा.

त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर दवाखाना चालवला. एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवरून आणले, आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्या गेल्या. टिळकांनीही प्लेगच्या रुग्णांसाठी इस्पितळ काढले होते. पाठीवर घेणारा कोण आणि झडती घेणारा कोण, हे लोकांना सांगावे लागत नाही. पुढे सरकारनेही सक्ती सैल केली.

मार्च २०२० मध्ये दिल्ली आणि महाराष्ट्रात याच जुन्या कायद्याखाली नियम निघाले. पाठोपाठ अवघ्या चार तासांच्या सूचनेवर देशभर टाळेबंदी आली. माणसांनी घरात राहावे हा हेतू. पण हातावर पोट असलेल्यांची आनंद विहार बसस्थानकावर हजारोंनी गर्दी झाली. हेतू चांगला असला, तरी ज्याच्यावर हुकूम बजावायचा त्याची भाकरी आणि अब्रू आधी विचारात घ्यावी लागते.

साथ आली की सरकारला अधिकार लागतात, हे मान्य. पण दार आतून उघडते ते विश्वासाने. तो विश्वास जोडण्याचे काम आपल्यासारखी मंडळे करू शकतात.