एक दालन, चार बिऱ्हाडे
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात इस्लापूर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हास चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न पडला. शिक्षण, वसतिगृह, विवाहातील खर्च या विषयांवर आमच्याहून अधिकारी वक्ते येथे बोलून गेले आहेत. आम्ही आज जो विषय घेणार आहोत तो काहींना क्षुल्लक, तर काहींना चैनीचा वाटेल. समुद्रावरील प्रवासी जहाजावर अनेक कुटुंबांनी मिळून एखादे मोठे दालन घ्यावयाचे झाल्यास ते कसे निवडावे, हा तो विषय होय.

सहस्रकुंडाच्या धबधब्याहून मोठे पाणी ज्याने लहानपणी पाहिले नाही, त्या इस्लापूरच्या माणसाला समुद्राशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. परंतु काळ पालटला आहे. आपली मुले पुण्यास, हैदराबादेस व त्याहूनही दूर नोकरीस आहेत. दिवाळीस सर्वांना एकाच वेळी सुट्टी मिळत नाही. तेव्हा आईवडिलांना घेऊन तीन-चार दिवस एकत्र राहावे, कोणास स्वयंपाक करावा लागू नये, या हेतूने कित्येक कुटुंबे आता जहाजाचा विचार करू लागली आहेत. आमच्याही घरी तो झाला. त्यात आमच्या हातून जी चूक होता होता राहिली, ती आपणांपुढे ठेवावी, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

जहाज हे मराठी माणसास अगदीच नवे नाही. कोकणातील लोकांनी पिढ्यान् पिढ्या मुंबईहून रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले येथपर्यंत आगबोटीने प्रवास केला. डेकवर वळकट्या पसरून चार-चार बिऱ्हाडे शेजारी निजत. रस्ते झाले आणि त्या बोटी बंद पडल्या. पुढे 2018 साली मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ हे जहाज सुरू झाले. तो उपक्रम टिकला नाही. सप्टेंबर 2021 मध्ये कॉर्डेलिया कंपनीने 1990 साली फ्रान्समध्ये बांधलेले ‘एम्प्रेस’ हे मोठे जहाज मुंबईहून सोडण्यास आरंभ केला आणि 2025 साली मुंबई बंदरात नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. तेव्हा किनवटास नंदिग्राम एक्सप्रेसमध्ये बसून मुंबईस उतरावे आणि तेथून बोटीत चढावे, हे आता स्वप्न राहिलेले नाही. मात्र एक दिवस आधी मुंबई गाठावी. गाडीला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही, आणि सुटण्याच्या बऱ्याच आधी त्याचे दार बंद होते.

आता दालनाकडे वळू. जहाजावरील खोल्यांच्या सामान्यतः चार पायऱ्या असतात. बिनखिडकीची आतली खोली, समुद्राकडील खिडकीची खोली, सज्जाची खोली आणि सर्वांत वर ज्यास ‘सूट’ म्हणतात ते प्रशस्त दालन. परदेशच्या जहाजांवर तर यातही थाट आहे. 2024 च्या जानेवारीत प्रवासास निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या प्रचंड जहाजावर एका कुटुंबासाठी तीन मजल्यांचे दालन आहे. त्यात मुलांसाठी घसरगुंडीही आहे आणि आठ माणसांची सोय आहे. नॉर्वेजियन कंपनीच्या काही जहाजांवर तीन शयनगृहांचे आणि प्रत्येक शयनगृहास स्वतंत्र स्नानगृह असलेले दालन मिळते. अशा दालनांची छायाचित्रे पाहिली की आपण सारे एकाच छपराखाली राहू, या कल्पनेने मन मोहून जाते. आमचेही गेले.

परंतु बंधूंनो, आपण अडाणी नाही. लग्नात जानवसघर पाहण्यास गेलेली आपली जुनी माणसे काय पाहत? भिंतीचा रंग पाहत नसत. न्हाणी किती, पाणी कोठे, बायकांना कपडे बदलावयास आडोसा आहे की नाही, म्हाताऱ्या माणसास रात्री उठावे लागले तर वाट कोणाच्या अंथरुणावरून जाते, हे पाहत. तीच दृष्टी जहाजाच्या दालनास लावावी.

पहिली गोष्ट, माणसांची संख्या. जहाजावर प्रत्येक खोलीत किती माणसे राहतील हे ठरलेले असते, आणि ‘एक पोर मांडीवर घेऊ’ हा आपला नेहमीचा उपाय तेथे चालत नाही. यात अधिकाऱ्यांचा आडमुठेपणा नाही. 17 जुलै 1947 रोजी मुंबईजवळ ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, हे कोकणातील घरे अद्याप विसरलेली नाहीत. 1912 साली ‘टायटॅनिक’ बुडाले तेव्हा सर्वांना पुरतील इतक्या जीवरक्षक होड्याच जहाजावर नव्हत्या. त्यातूनच 1914 साली समुद्रावरील सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. आज प्रत्येक प्रवाशाची होडी आधीच नेमलेली असते. खोलीतील संख्या त्या हिशेबाशी बांधलेली असते. म्हणून तान्ह्या मुलासह सर्वांची मोजणी करून मगच दालन पाहावे.

दुसरी गोष्ट, दारे आणि स्नानगृहे. ‘आठ माणसांची सोय’ असे लिहिलेले असते, तेव्हा त्यांतील कित्येकांची सोय बैठकीच्या खोलीतील सोफ्यावर किंवा भिंतीतून खाली येणाऱ्या फळीवर असते. जो बैठकीत निजतो तो सर्वांच्या गप्पा संपल्यावर निजतो आणि सर्वांच्या आधी उठतो. आपल्या घरात हा मान बहुधा सुनेकडे किंवा घरातील सर्वांत गरीब भावाकडे जातो. सकाळी बंदरावर उतरावयाचे असते आणि दहा माणसांत एकच स्नानगृह असते, तेव्हाही रांगेत शेवटी तीच उभी असते. यास्तव दालनात माणसे किती मावतात हे विचारू नये. दार लावून निजता येईल अशा जागा किती, हे विचारावे.

तिसरी गोष्ट, जागा. मोठी दालने बहुधा वरच्या मजल्यांवर, कधी अगदी पुढच्या वा मागच्या टोकास असतात. जहाज हेलकावते ते तेथेच अधिक जाणवते. ज्यास समुद्र लागतो त्याने खालच्या मजल्यावरील मध्यभागाची साधी खोली घ्यावी. ती स्वस्तही असते आणि सुखाचीही.

चौथी गोष्ट, सवलती. कित्येक जहाजांवर मोठ्या दालनातील प्रवाशांस निराळे भोजनगृह, निराळी बैठक मिळते. ती त्याच दालनात ज्यांची नावे आहेत त्यांनाच मिळते. एक भाऊ दालनात आणि दुसरा आतल्या खोलीत असेल, तर जेवणाच्या वेळी एका घराच्या दोन पंक्ती होतात. पंक्तिप्रपंच हा आपल्या समाजाने सोडलेला दोष आहे. तो पैसे देऊन परत विकत घेऊ नये.

पाचवी गोष्ट पैशाची, आणि येथेच आमची कथा येते.

आमच्या घरी आम्ही तीन भाऊ. चौथे, सर्वांत थोरले, आता हयात नाहीत. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, आणि त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी गावी राहतात. आईचे वय एक्याऐंशी झाले, तेव्हा सहस्रचंद्रदर्शनाच्या निमित्ताने तिला समुद्र दाखवावा असे ठरले. एका भावाकडील चार माणसे, दुसऱ्याकडील तीन, आमची तीन, वहिनींकडील दोन आणि आई, अशी तेरा माणसे. एक मोठे दालन आणि त्याजवळ दोन खोल्या घ्याव्यात, दालनात आईसह सर्वांनी बसावे-उठावे, आणि खर्चाचे चार सारखे भाग करावेत, असे आम्ही भावांनी फोनवर पंधरा मिनिटांत ठरवून टाकले. ‘चार बिऱ्हाडे, चार वाटे’ हे आम्हास इतके न्याय्य वाटले की त्यावर दुसरा विचारही केला नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनींचा निरोप आला की गुडघे दुखतात, बोटीवर जमणार नाही, तुम्ही सारे आनंदाने जाऊन या. आम्ही तो निरोप खरा मानला. एका भावाने ‘मग तीनच वाटे करू’ असेही म्हटले. आई मात्र ऐकत बसली होती. ती म्हणाली, “गेल्या नवरात्रात माहूरच्या पायऱ्या चढली ती. तवा नाही दुखले गुडघे. बोटीवर काय गड चढायचाय?” आणि मग म्हणाली, “ती येणार नसेल तर मलाही समुद्र नको.”

बंधूंनो, त्या रात्री आम्ही कागद घेऊन बसलो. शंभर रुपये खर्चात वहिनींच्या दोन माणसांकडे चार वाट्यांच्या हिशेबाने पंचवीस रुपये येत होते. तेरा डोक्यांच्या हिशेबाने ते जेमतेम पंधरा होतात. घरात एकटी कमावती बाई, मुलीची फी भरावयाची. आणि आम्ही नोकरदार भाऊ आमच्या थाटाच्या दालनाचा दहा रुपयांचा बोजा तिच्यावर टाकत होतो. तिने ‘परवडत नाही’ म्हटले नाही, कारण थोरल्याची पत्नी म्हणून तिला तो शब्द उच्चारता येत नव्हता. म्हणून तिने गुडघे पुढे केले.

हिशेब पुढे केला तेव्हा आणखी एक गोष्ट उलगडली. जहाजाचे भाडे धर्मशाळेच्या खोलीसारखे नसते. ते बहुधा माणशी असते. खोलीतील पहिल्या दोघांस पूर्ण भाडे, तिसऱ्या-चौथ्यास अनेकदा कमी. बंदराचे शुल्क, कर, सेवकांची बक्षिसी हीही सहसा माणशी. म्हणजे मोठे दालन वाटून घेतले की स्वस्त पडते, ही समजूत नेहमी खरी नसते. तेवढ्याच माणसांसाठी शेजारशेजारच्या साध्या खोल्या घेतल्यास काय पडेल, हे आधी काढावे. आमच्या बाबतीत तो आकडा पुष्कळच खाली आला.

मग आम्ही दालन सोडले. एकमेकींस लागून असलेल्या साध्या खोल्या घेतल्या. त्यांतील एक खिडकीची, मध्यभागी, आईसाठी. आणि तिच्यासोबत वहिनी व त्यांची मुलगी. आईचा खर्च तिन्ही मुलांनी वाटून घेतला. बाकीचा हिशेब माणशी ठेवला. वहिनींना आम्ही ‘तुमचा वाटा आम्ही भरतो’ असे म्हटले नाही. त्यांनी तो आपल्या हाताने भरला, आणि ताठ मानेने भरला. कोणाचे उपकार घेऊन जाणारा माणूस प्रवासात मोकळा हसत नाही, हे आपणांस सांगावयास नको.

एकत्र बसावयास जागा उरली नाही, अशी आम्हास धास्ती होती. ती व्यर्थ ठरली. जुन्या वाड्यात प्रत्येक बिऱ्हाडाची खोली निराळी असे आणि चौक सर्वांचा असे. उन्हाळ्यात माळवदावर सारे मिळून निजत. जहाजाचा उघडा डेक हा तसाच सर्वांचा असतो. त्यासाठी निराळे भाडे पडत नाही. संध्याकाळी तेरा माणसे तेथे बसली होती. आई बराच वेळ पाण्याकडे पाहत होती. शेवटी वहिनींना म्हणाली, “पलीकडचा काठच दिसत नाही गं.” वहिनी हसल्या. थोरले बंधू गेल्यापासून त्यांचे असे हसणे आम्ही ऐकले नव्हते.

मोठी दालने वाईट असतात, असे आमचे म्हणणे नाही. ज्या घरी सर्वांची ऐपत सारखी आहे, जेथे प्रत्येक जोडप्यास दार लावावयास खोली मिळते आणि म्हाताऱ्या माणसाजवळ रात्री कोणी तरी असावेच लागते, तेथे ते अवश्य घ्यावे. पण चार गोष्टी आधी कागदावर लिहाव्यात. वाटा माणशी की बिऱ्हाडवार. कोण कोठे निजणार. आयत्या वेळी एक कुटुंब गळाले तर त्याचा भार कोणावर. आणि बुकिंग करणाऱ्याने आगाऊ भरलेले पैसे त्यास केव्हा मिळणार. नात्यात हिशेब कशाला, असे म्हणणारा बहुधा तोच असतो ज्यास हिशेब जड जात नाही.

शेवटी मंडळास एक विनंती. आपले मंडळ दरवर्षी सहली काढते. वर्गणी ठरविताना कार्यकारिणीत बसलेल्या आम्हा मंडळींच्या खिशाकडे पाहून ती ठरू नये. ज्या घरातून ‘यंदा जमत नाही, तब्येत बरी नाही’ असा निरोप येतो, त्या घरी चिटणिसांनी एकदा स्वतः जावे, चहा घ्यावा आणि हलक्या शब्दांत विचारावे. कदाचित गुडघे खरोखरच दुखत असतील. पण नसतील, तर ती चूक आपल्या हिशेबात असेल, आणि ती आपणच दुरुस्त करावयाची आहे.