चीक, चिकू आणि च्युइंगम



संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, "घरी च्युइंगम कसं करायचं." पलीकडे क्षणभर शांतता. मग हळूच, "शाळेविषयी काही बोलशील ना?" बोलेन. ज्या शाळेत कुणाचा जबडा हलताना दिसला की "काय आहे तोंडात? थुंकून ये" असं ऐकू यायचं, तिथेच, त्याच बाईंसमोर हा विषय काढायचा म्हणजे धाडस आहे. बाई हसताहेत, म्हणजे परवानगी मिळाली असं समजते.

खरं तर आपल्यातल्या बहुतेकांनी आयुष्यातलं पहिलं च्युइंगम स्वतःच केलेलं आहे. दळणाचा डबा घेऊन गिरणीत जाताना मूठभर गहू तोंडात टाकायचे आणि चावत राहायचं. आधी कचकच, मग पिठूळ, मग जरासं गोड, आणि गिरणी येईपर्यंत तोंडात रबरासारखा चिवट गोळा. कोणी शिकवलं होतं? कोणीच नाही. मोठ्या भावंडांचं बघून शिकलो.

मी पुढे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं, तेव्हा प्रथिनांचा धडा दरवर्षी याच गव्हापासून सुरू करायची. गव्हात पिष्ट आणि प्रथिनं दोन्ही असतात. लाळेमुळे पिष्टाची साखर होऊ लागते, म्हणून गोड लागतं. ते गिळलं जातं. प्रथिनं मात्र पाण्यात विरघळत नाहीत. ओली होऊन चावली गेली की एकमेकांत गुंततात आणि त्यांचं जाळं होतं. तेच ग्लुटेन. घरी बघायचं असेल तर कणकेचा घट्ट गोळा अर्धा तास भिजवा आणि नळाच्या बारीक धारेखाली चोळत राहा. पांढरं पाणी वाहून जाईल आणि हातात करड्या रंगाचा, ताणला जाणारा लगदा उरेल. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढणाऱ्या आपल्या आया नेमकं याच्या उलट करायच्या. त्यांना पांढरं पाणी हवं असायचं आणि चिवट चोथा गुरांना जायचा. आपल्याला हवा होता चोथा!

गव्हाच्या गोळ्याची अडचण एकच. थोड्या वेळाने तो फुटतो, तोंडभर होतो. च्युइंगमला असं काहीतरी लागतं, जे लाळेत विरघळत नाही, दातांना चिकटत नाही आणि अंगाच्या उबेने मऊ होतं. असा पदार्थ जगाला सापडला तो आपल्या सगळ्यांच्या परसातल्या झाडात.

होय, चिकूत. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपण सगळ्यांनी एकमेकांना संदेश पाठवले होते. पण चिकूचं झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. तिथल्या रानात चिकूचे उंच वृक्ष असतात. पावसाळ्यात माणसं कमरेला दोर बांधून वर चढतात, कोयत्याने सालीवर नागमोडी खाचा पाडतात आणि त्यांतून ओघळणारा पांढरा चीक खाली पिशवीत गोळा करतात. तो कढईत आटवून त्याच्या लाद्या पाडतात. एकदा खाचा पाडलेल्या झाडाला मग काही वर्षं विश्रांती द्यावी लागते. या आटवलेल्या चिकाला म्हणतात चिक्ले. आपला 'चीक' आणि त्यांचा 'चिक्ले' यांचा भाषेच्या अंगाने काही संबंध नाही, त्यांचा शब्द तिथल्या जुन्या नाहुआत्ल भाषेतून आलाय. पण योगायोग असावा तर असा.

तिथले लोक तो चीक पूर्वापार चघळत होते. त्याचा कारखानी माल झाला तो एका फसलेल्या धंद्यातून. मेक्सिकोचे पदच्युत राष्ट्राध्यक्ष सांता आना न्यूयॉर्कजवळ आश्रयाला आले होते. त्यांच्याकडून हा चीक टॉमस अॅडम्स नावाच्या गृहस्थांकडे पोचला. अॅडम्सना त्यातून रबर करायचं होतं. ते काही जमलं नाही. मग त्यांनी तो चघळण्यासाठी विकायला काढला आणि १८७१ मध्ये च्युइंगम करण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. पुढची बरीच वर्षं अमेरिका चिकूच्या झाडाचा चीक चघळत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र कारखान्यांनी पेट्रोलियमपासून केलेला कृत्रिम गमबेस वापरायला सुरुवात केली. आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक च्युइंगमचा गाभा म्हणजे खाण्यास परवानगी असलेलं एक प्रकारचं रबर आणि प्लास्टिक आहे. चिकू पार मागे पडला.

मग आपल्या वाड्यांमधून चीक का काढू नये? दरवेळी हा प्रश्न येतो. काढू नये. आपली काळीपत्ती खिरणीच्या खुंटावर बांधलेली कलमं आहेत, फळासाठी वाढवलेली. त्यांच्या खोडांवर खाचा पाडत बसलो तर चीक मिळेल ओंजळभर आणि झाड बसेल आजारी. वाडीवाले वर्गमित्र मान डोलावताहेत, तेव्हा हा मुद्दा इथेच सोडते.

आता मी हे उद्योग का करते ते सांगते.

माझा धाकटा दीर टेम्पो चालवतो. विशीपासून गुटखा. २०१२ मध्ये राज्यात बंदी आली, पण पुडी मिळायची थांबली नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी त्याला भाजी तिखट लागायला लागली. साधी डाळसुद्धा झोंबायची. नंतर पाणीपुरीची पुरी तोंडात जाईना. दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तोंडात उभी बोटं घालून दाखवा. तीन जायला हवीत. त्याची दोन जेमतेम गेली. गालाच्या आतलं अस्तर सुपारीने टणक होत जातं. पुढे त्यातून कर्करोगही होऊ शकतो. लोक तंबाखूला दोष देतात आणि सुपारीला सोडून देतात. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलेलं आहे. आणि पुडी सोडली तरी आखडलेलं तोंड आपोआप पूर्वीसारखं होत नाही. सोडल्याने पुढचं वाढणं टाळायचं, इतकंच.

सोडायचं त्याने ठरवलं. निकोटिनसाठी डॉक्टरांनी आधी निकोटिनचं च्युइंगम दिलं. ही कल्पना स्वीडनची, पाणबुडीत धूम्रपान करता येत नाही म्हणून तंबाखू चघळणाऱ्या खलाशांवरून सुचलेली. पण दिराला ते झोंबलं. मग डॉक्टरांनी अंगावर लावायची पट्टी दिली. पट्टीने तलफ कमी झाली, पण तोंड रिकामं. वीस-पंचवीस वर्षं जबड्याला सतत काम होतं, ते एकाएकी गेलं. महामार्गावर रात्री दोन वाजता काय करायचं? दुकानातलं च्युइंगम आणलं, तर जे हाताला लागलं ते सगळं पुदिन्याचं. पुदिन्यानेही आग. तेव्हा मी म्हटलं, न झोंबणारं आपणच करू. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "साखर नको, मऊ असू दे, आणि याला औषध समजू नका."

प्रयोग सुरू झाले. जिलेटिनच्या पाककृती लोक सर्रास सांगतात, पण जिलेटिन तोंडात विरघळतं. ती गोळी झाली, च्युइंगम नव्हे. नुसतं मेण चुरा होतं. बाभळीचा डिंकही शेवटी विरघळतोच. गमबेसला पर्याय नाही, म्हणून खाण्यायोग्य गमबेस विकत आणला. पूर्णपणे घरचं असा दावा मी करणार नाही.

माझं प्रमाण असं: पन्नास ग्रॅम गमबेस, शंभर-सव्वाशे ग्रॅम दळलेलं झायलिटॉल आणि दोन छोटे चमचे खाण्याचं ग्लिसरीन. झायलिटॉल ही दात न किडवणारी साखर, आणि ती विरघळताना उष्णता शोषून घेते. म्हणजे पुदिना न घालता तोंडाला गारवा. हे लक्षात आलं त्या दिवशी मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या होत्या.

उकळत्या पाण्यावर स्टीलचं भांडं ठेवून त्यात गमबेस मऊ करायचा. थेट गॅसवर नको, तळाला जळतो. मेणासारखा झाला की खाली उतरवायचा, ग्लिसरीन आणि थोडं झायलिटॉल घालून तेलाचा हात लावलेल्या लाकडी चमच्याने ढवळायचं. मग उरलेलं झायलिटॉल पोळपाटावर पसरायचं, गोळा त्यावर घ्यायचा आणि सोसवेल इतपत गरम असतानाच पुरणपोळीच्या कणकेसारखा तिंबायचा. जितकं तिंबाल तितकं छान. शेवटी स्वाद. गुलाबपाणी चालत नाही, गमबेस पाणी धरत नाही. तेलात विरघळणारा अर्क लागतो. आंबटही नको, तेही झोंबतं. पहिला घाणा व्हॅनिलाचा केला. दीर चघळून म्हणाला, "वहिनी, आइस्क्रीमचा कागद खाल्ल्यासारखं लागतंय." आता गुलाबाचं करते. लाटायचं, कातण्याने शंकरपाळ्यांसारखं कापायचं, रात्रभर उघडं ठेवून सकाळी एकेक कागदात गुंडाळायचं. भांडी पाण्याने निघत नाहीत, आधी तेल चोळा. नातवंडांच्या केसांत अडकलं तरी तेलच.

दिराची पुडी सुटली का? पहिल्या वर्षात दोनदा परत सुरू झाली. आता अकरा महिने नाही. तोंड अडीच बोटं उघडतं, त्याचं श्रेय डॉक्टरांनी शिकवलेल्या व्यायामांना. माझ्या डब्याचं श्रेय एवढंच, की टेम्पोच्या ज्या कप्प्यात पुड्या असायच्या तिथे आता तो असतो.

आपल्या १९८६ च्या तुकडीतले चौघं आज नाहीत. त्यांतल्या एकाला शेवटच्या महिन्यात भेटायला गेले होते. त्याच्या तोंडात चहाचा चमचाही जात नव्हता. नाव घेत नाही, तुम्हाला माहीत आहे. आणि मघाशी चहाच्या वेळी मंडपामागे कोण कोण जाऊन आलं, हेही मी इथून पाहिलंय. पन्नाशी उलटून गेलेल्यांना मी काय सांगणार? आज घरी गेल्यावर आरशासमोर उभं राहून तीन बोटं जातात का तेवढं बघा. नाही गेली, किंवा गालात पांढरा चट्टा दिसला, तर उद्याच दातांच्या डॉक्टरांकडे जा. माझ्याकडे नको.

नोंदणीच्या टेबलावर निळा डबा ठेवलाय. गुलाबाचे दीडशे तुकडे आहेत. मधुमेहींनीही घ्यायला हरकत नाही, पण एका वेळी एक-दोनच. झायलिटॉल जास्त झालं की पोट बिघडतं. घरी कुत्रा असेल तर त्याच्या हाती लागू देऊ नका, त्याच्यासाठी ते विष आहे. गुंडाळलेला कागद जपून ठेवा, चघळून झालं की त्यातच टाकायचंय. बाई, तुमच्यासाठी दोन तुकडे बाजूला काढून ठेवलेत, कवळीला चिकटणार नाही इतके मऊ केलेत.